निमजे सरांचं पोट

प्लँक करताना पोट जमिनीला टेकू द्यायचं नाही, असं आमचे कोच निमजे सर सांगतात. सांगताना स्वतःचं टेकलेलं असतं.

हे मी रोज सकाळी पाहते आणि वर त्याची फी भरते. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी व्यायाम सांगितला म्हणून प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जिममध्ये नाव घातलं. मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावर चुकीचं उदाहरण सोडवणारा मास्तर मला सहन होत नाही, आणि इथे तर मास्तरच चुकीचं उदाहरण! टी-शर्टच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘कोच’ लिहिलंय म्हणून समजायचं. पुढून पाहिलं तर लग्नातला आचारी वाटावा.

भिंतीवर त्यांचा जुना फोटो लावलाय. अंगाला तेल फासून, दंड फुगवून उभा असलेला एक तरणाबांड पोरगा. नवीन आलेल्या बाया विचारतात, हा कोण हो? सर लाजून म्हणतात, “मीच आहो.” बाया पुन्हा एकदा फोटो पाहतात, मग सरांना पाहतात, आणि विषय बदलतात.

बरं, आपलं झाकून गप्प बसावं की नाही? छे. दुसऱ्याच्या ताटावर या माणसाचा सदा डोळा. रात्री तुम्ही काय खाल्लं ते सकाळी चेहऱ्यावर दिसतं म्हणे. “कंट्रोल, मॅडम, कंट्रोल,” हे पालुपद चोवीस तास. स्क्वॉट मारताना माझे गुडघे कुरकुरतात, मी अर्ध्यावरच लटकते, तर हे बाजूला उभे राहून “होऊन राहिलं, होऊन राहिलं” करतात. काय होऊन राहिलं? माझा जीव जाऊन राहिलेला असतो.

एकदा सीताबर्डीवर खरेदी आटोपून मी तर्री पोहे, म्हणजे वर लाल तेलाचा रस्सा ओतलेले पोहे, घेतले. पहिला चमचा तोंडात जातो न जातो तोच मागून आवाज आला, तर्री काहून घेतली मॅडम, नुसते पोहे नसते खाता आले? वळून पाहते तर निमजे सर स्कूटरवर. आणि स्कूटरला दोन्हीकडून लटकलेले काय? सावजी रश्श्याचे डबे! त्या डब्यांतल्या तेलात माझ्या दहा प्लेटा तर्री बुडाली असती.

त्यांची बायको, संध्यावहिनी, घरूनच मेस चालवते. मटण, पाटोडी रस्सा, काळ्या मसाल्याचं सगळं. वहिनीच्या हाताला अख्ख्या प्रताप नगरात तोड नाही, हे मीही मान्य करते. निमजे सर सकाळी कोच, दिवसा एका सरकारी कार्यालयात बाबू आणि संध्याकाळी वहिनीचे डबे पोचवणारे. म्हणजे सकाळी ज्यांना तेल सोडा म्हणून दटावायचं, संध्याकाळी त्यांच्याच दारात तेल नेऊन द्यायचं. हे मी त्यांना तोंडावर सुनावलं. त्यावर म्हणतात, ते माझं काम आहे मॅडम, हे बायकोचं. झालं, संपलं!

शेवटी जिमच्या मालकाचीच सहनशक्ती संपली. रोहित नावाचा तरुण मालक आहे; त्याला जिमपेक्षा जिमचे व्हिडिओ काढण्यात रस. व्हिडिओत सरांचं पोट येतं म्हणून लोक खाली काहीबाही लिहितात, असं त्याचं म्हणणं. त्याने स्पष्ट सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत पोट उतरवा, नाहीतर मी दुसरा कोच आणतो.

सर त्या दिवशी डंबेल पुसत कोपऱ्यात बसून राहिले. मी चटई गुंडाळत होते. म्हणाले, “हापिसात मले निमजे म्हणतात, मॅडम. काही काही त ए निमजे म्हणतात. साऱ्या दुनियेत सर म्हणून इथंच म्हणतात. हे गेलं त मी कोण?”

मला दया वगैरे आली नाही. पण कच्चा विद्यार्थी दिसला की मला त्याला पास करण्याचा रोग आहे. मी त्यांना हाती घेतलं. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी एक भाकर अन् ताक, ऑफिसला स्कूटर न नेता बसनं, आणि येताना दोन स्टॉप आधी उतरून पायी. निमूटपणे सगळं करायचे. दुपारी व्हिडिओ कॉल केला तर ताकाचा ग्लास हातात असायचा. आणि पोट? नवरात्र आलं तरी पोट तिथेच, उलट टी-शर्ट दोन बोटं वर चढलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस चोरून खातो, दुसरं काही नाही. मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं.

डबे भरायच्या वेळेला मी मुद्दाम त्यांच्या घराच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. चोर सापडला! निमजे सर पाटावर मांडी घालून बसलेले, पुढ्यात ताट, ताटात भाकरी, वाटीत मटणाचा रस्सा, दुसरीत पाटोडी, तिसरीत डाळ. वहिनी शेगडीपाशी उभी, झारा हातात, नजर नवऱ्याच्या तोंडाकडे. ते म्हणाले, मीठ घाल वं थोडं. तिने घातलं. पुन्हा वाटी भरली, पुन्हा खाल्लं, आता बरोबर म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला जळका वास आला. मागच्या शेगडीवर मसाला करपत होता. धूर वहिनीच्या पाठीशी, अगदी हातभर अंतरावर, आणि ती ढिम्म. वास मला दारात आला आणि तिला आला नाही. सरांनी ताटावरून उडी मारून गॅस बंद केला.

मला बाहेर अंगणात आणलं आणि हळू आवाजात सांगितलं. मागं साथीत वहिनीला मोठा ताप आला होता, तेव्हापासून तिची चव गेली. वासही गेला. डॉक्टर झाले, औषधं झाली, काही परत आलं नाही. सावजी रांधणाऱ्या बाईची जीभ गेली हे लोकांना कळलं तर ती पुन्हा चुलीपाशी उभी राहणार नाही, म्हणून कोणाला सांगितलेलं नाही.

“अहो, मग चमच्यानं चाखा ना,” मी म्हटलं. “ताटं काय चेपता?”

“चमच्यानं माह्यं भागते, मॅडम. तिचं नाही भागत. तिले स्वतःले माती अन् मटण सारखंच लागते. मी पोटभर जेवलो, वाटी पुसून खाल्ली, त तिले भरोसा येते का चांगलं झालं. एक दिवस मी ताटात टाकलं होतं थोडं. रातभर रडली ते.”

दिवाळी तोंडावर आली. रोहितनं सगळ्या बॅचसमोर विचारलं, सर, खरं सांगा, लपून खाता ना? मी चटईवरून उठले. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको.

“हो,” ते म्हणाले. “जिभेवर कंट्रोल नाही माझा.”

बाया खिदळल्या. रोहितही हसला. सरांनी टी-शर्ट बदलला, ‘कोच’वाला घडी करून टेबलावर ठेवला आणि गेले.

भाऊबीजेला पाहुणे होते म्हणून मी मटणाचा डबा आणायला गेले. वहिनी मोठ्या खुशीत. “ताई, यायनं जिम सोडली. कंटाळा आला म्हणतात सकाळी उठाचा. बरंच झालं बापा. आता सकाळचेबी डबे सुरू करू म्हणतात. दोन्ही टाइम माह्या हातचंच पाहिजे त्यायले.”

मी छान म्हटलं, डबा उचलला आणि निघाले. रस्ताभर त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मूर्ख. आपलं सगळं घालवून बसला आणि बायकोला पत्तासुद्धा लागू दिला नाही.

घरी आले तर आमचे हे विचारतात, डोळे का लाल झाले? म्हटलं, रस्सा तिखट आहे. डब्याचं झाकण अजून उघडायचं होतं.