आमच्या आप्पांचा पाय

आमच्या घरात कुत्र्याला कुत्रा म्हणत नाहीत. अरेतुरे तर नाहीच नाही! लोक आपल्या कुत्र्याला हात मिळवायला शिकवतात, लोळायला शिकवतात आणि गावभर कौतुक सांगत फिरतात. आमच्याकडे कुत्र्याने आम्हाला वळण लावलं. पांढऱ्या मिशांचं ते पिल्लू पहिल्याच दिवशी माझ्या खुर्चीत चढलं आणि असं काही खाकरलं, की बायको पटकन म्हणाली, "बसा आप्पा, बसा!" तेव्हापासून ते आप्पा. आप्पा जेवले, आप्पा झोपले, आप्पांनी चप्पल खाल्ली. "बस" म्हटलं तर आप्पा मागे वळून बघतात, कोणाला म्हणाला म्हणून. "बसा" म्हटलं की बसतात. असा घरंदाज जीव शोधून सापडणार नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

तर एके दिवशी या घरंदाज जीवाने मांजराच्या मागे जिन्यावरून उडी मारली. मांजर खाली पोचलं. आप्पाही पोचले, पण मागचा उजवा पाय मोडून.

प्लास्टर झालं, यथावकाश निघालंही. पण आप्पा पाय टेकेनात! उजवा पाय पोटाशी घ्यायचा आणि तीन पायांवर टुणूक टुणूक करत घरभर हिंडायचं. मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी पाय चाचपला. "हाड मस्त जुळलंय. आता पाय वापरायला लावा. नाहीतर मांडी सुकत जाईल आणि हा जन्मभर लंगडेल."

"पण दुखत असेल हो त्यांना."

"दुखत काही नाही. लाड चाललेत!" डॉक्टर माझ्या बायकोकडे बघत म्हणाले. ती त्या वेळी आप्पांना उकडलेल्या चिकनचा घास भरवत होती. तिने हात मागे घेतला. आप्पांनी पाय आणखी वर घेतला. तिने मुकाट्याने घास दिला.

जन्मभर! हा शब्द माझ्या काळजात रुतून बसला. वाऱ्याशी पैज लावणारे आमचे आप्पा! मी ठरवलं, आता माघार नाही. रजा घ्यायची, घरी बसायचं आणि आप्पांना चार पायांवर उभं करायचं. लगेच साहेबांना फोन लावला.

आमचे साहेब नवीन, नुकतेच बदलून आलेले. आवाज ढगासारखा, मन लोण्यासारखं.

"साहेब, रजा हवी होती. आमच्या आप्पांचा पाय मोडलाय. जिन्यावरून पडले."

"अरे बापरे! या वयात हाड मोडणं वाईट. घ्या, रजा घ्या. चालतात का थोडेफार?"

"चालतात, पण तीन पायांवर."

"काठी घेऊन, म्हणजे."

"छे, काठी कसली! काठी दिसली की हिसकावून घ्यायला धावतात."

"स्वाभिमानी आहेत," साहेब गहिवरून म्हणाले. "जपा त्यांना."

मला भरून आलं. कुत्र्याची इतकी विचारपूस करणारा साहेब मिळायला नशीब लागतं!

पुढचे दिवस मी जिवाचं रान केलं. आप्पांना मऊ गादीवरून खाली उतरवलं, भरवणं बंद केलं, बिस्किटं खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. आप्पा टुणूक टुणूक जात, बिस्किट खात आणि पाय वर धरून माझ्याकडे असे बघत, की मलाच लाज वाटावी. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. साहेबांचे फोन मात्र येत होते.

"जेवण जातं का?"

"भरवलं तर जातं. पण मी भरवणं बंद केलंय. जमिनीवर ताटली ठेवतो, लागली भूक की येतील आपले."

"जमिनीवर?" साहेबांचा आवाज जरा बदलला. "आणि झोपतात कुठे?"

"तेही जमिनीवरच. गादी काढून घेतली. त्याशिवाय वठणीवर यायचे नाहीत."

"घरातली माणसं काही बोलत नाहीत तुम्हाला?"

"बायको रडते. पण मी कोणाचं ऐकत नाही, साहेब! खाली फिरायला नेतो तेव्हा गळ्यात पट्टा बांधून नेतो. नाहीतर पळून जातात."

फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली असेल.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. दारात साहेब! एका हातात सफरचंदांची पिशवी, दुसऱ्या हातात नवीकोरी, पॉलिश केलेली काठी. चेहरा लालबुंद. एरवी साहेब मला अहोजाहो करतात. आज एकदम अरेतुरेवर उतरले.

"लाज नाही वाटत तुला? कुठे आहेत ते?"

"कोण, साहेब?"

"आप्पा! अरे, ज्यांनी तुला बोट धरून चालायला शिकवलं, त्यांना तू पट्टा बांधतोस? जन्मदात्याला?"

"जन्म..." माझे वडील धाकट्या भावाकडे ठणठणीत आहेत, हे सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात आमची बायको आतून मोठ्याने म्हणाली, "आप्पा, या बाहेर, पाहुणे आलेत!"

आणि पलंगाखालून आप्पा बाहेर आले. टुणूक, टुणूक, टुणूक.

साहेबांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी काठीकडे बघितलं.

"हे... हे आप्पा?" एवढंच साहेब म्हणाले आणि घाबरून त्यांनी काठी उगारली. संपलं! उगारलेली काठी म्हणजे आप्पांच्या दृष्टीने खेळाचं आमंत्रण. ते आनंदाने भुंकले आणि त्यांनी झेप घेतली. साहेब सोफ्याला वळसा घालून पळाले. आप्पा मागे. सफरचंदं घरभर.

"काठी टाका, साहेब! त्यांना काठीच हवीय!"

"टाकणार नाही! माझ्याकडे तेवढीच आहे!"

दुसरा वळसा. आणि त्या वळशाला मी बघितलं. एक, दोन, तीन... चार! उजवा पाय जमिनीवर! पूर्ण पंजा टेकलेला, नखं फरशीवर वाजताहेत!

"टेकला! अगं, पाय टेकला!" मी ओरडलो. बायको धावत आली आणि तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, स्वतःच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हासुद्धा मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

"आवर त्याला!" साहेब किंचाळले.

"काठी सोडू नका, साहेब! घट्ट धरा! अजून थोडं पळा! डावीकडून वळा, उजव्या पायावर जोर येऊ दे!"

"अरे, मी खाली पडेन!"

तेव्हा कुठे मी भानावर आलो. गडबडीत सगळे संस्कार विसरलो आणि जोरात ओरडलो, "बस! बस म्हणतोय ना! खाली बस!"

आप्पांनी नेहमीप्रमाणे मागे वळून बघितलं, कोणाला म्हणाला म्हणून.

साहेब खाली बसले होते.

फरशीवर, मांडी घालून, सफरचंदांच्या मधोमध. काठी हातातून निसटली. आप्पांनी ती तोंडात धरली आणि चारही पाय रोवून, मिशा फुलवून साहेबांसमोर उभे राहिले. काय तो रुबाब! बायकोने साहेबांना पाणी दिलं. मी सगळं समजावून सांगितलं. मग साहेबांनी हळूच आप्पांच्या पाठीवरून हात फिरवला आणि जाताना फक्त एवढंच म्हणाले, "येतो, आप्पा." मला काही म्हणाले नाहीत.

डॉक्टरांना फोन केला तर ते खूश! "आता रोज फिरवा, जोरात फिरवा!"

दुसऱ्याच दिवशी आप्पांना घेऊन मी छाती पुढे काढून खाली निघालो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसलं पाहिजे ना! जिन्याच्या तोंडाशी आलो आणि खाली तेच मांजर बसलेलं. आप्पा चार पायांवर, काय सांगू, बाणासारखे सुटले. पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळलेला. आप्पा खाली सुखरूप पोचले. मीही पोचलो.

घोटा टम्म सुजला. बायकोने मला आप्पांच्या गादीवर निजवलं. मी कण्हत साहेबांना फोन लावला.

"साहेब, रजा हवी होती. पाय मुरगळलाय."

"कोणाचा?"

"माझा, साहेब. माझा स्वतःचा!"

साहेबांनी अगदी सावधपणे विचारलं, "किती पायांवर चालताय?"

मी खाली बघितलं. खोटं बोलवेना.

"एका."

फोन बंद झाला. या वेळी रेंज पूर्ण होती.