ठिबकवाला बाप आणि दुधाची शिल्ड

शिल्डची भोकं जरा मोठी करायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात वाईट हेतू काही नव्हता.

शिल्ड म्हणजे सिलिकॉनची पातळ टोपी. आमची लेक जन्मल्यावर काही केल्या अंगावर पिईना, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरने ती कामिनीला दिली. स्तनाग्रावर बसवायची, टोकाला बारीक भोकं असतात, त्यातून बाळ दूध ओढतं. लेकीला ही टोपी इतकी आवडली, की दोन महिने झाले तरी ती टोपीशिवाय तोंडच लावेना. मग शिल्ड उकळा, बसवा, निसटली की धुऊन पुन्हा बसवा, आणि तोवर पोरगी ओरडून आमचा अर्धा पिंप्राळा गोळा करणार.

"तिला मी नकोच आहे," कामिनी म्हणायची, "तिला ते प्लास्टिक हवंय." आणि रडायला लागायची.

(प्लास्टिक नाही, सिलिकॉन आहे, असं मी एकदा सांगितलं. पुन्हा सांगितलं नाही.)

मी ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला. केळीला पाणी पोहोचेना, की शेतकरी मला फोन करतात. मी विचारतो, प्रेशर किती, फिल्टर धुतला का, ड्रिपर चोक झालाय का. घरीही तेच. पाजायची वेळ झाली की मी दारात हजर. "आलं का? फ्लो आहे ना? डावीकडे प्रेशर कमी वाटतंय."

सासूबाई, म्हणजे सुनंदाबाई, बाळंतिणीचं करायला चोपड्याहून आल्या होत्या. त्यांच्याकडे जावयाला तोंडावर काही बोलायची रीत नाही. त्यामुळे मला सांगायचं ते सगळं त्या डोक्यावर पदर ओढून बाळाला सांगत. "तुना बापले सांग वं माय, जरा बाहेर बस म्हना." मी कौतुकाने म्हणायचो, "सांग आजीला, बाबा इथेच आहेत." आजी-नातीच्या लाडाच्या गप्पा चालल्यात, असं मला वाटायचं.

शिल्ड सोडवायची कशी, यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, शिल्ड लावून सुरू करा आणि दूध सुटलं की हळूच काढा. शेजारच्या पुनम वहिनी म्हणाल्या, काढूच नका. मोबाईलमधली एक बाई म्हणाली, एकदम काढा. माझं डोकं पार भंजाळून गेलं. शेवटी मी आपला धंद्यातलाच उपाय शोधला. भोकं रोज थोडी थोडी मोठी करत जायची. होता होता एक दिवस नुसतं भोकच उरेल, शिल्ड उरणार नाही, आणि लेकीला पत्ताही लागणार नाही!

रविवारी सकाळी कामिनी आंघोळीला गेली. ठिबकच्या नळीला भोक पाडायचा पंच मी चांगला उकळून घेतला (स्वच्छतेत मी तडजोड करत नाही) आणि शिल्डच्या टोकाला लावून दाबला. शिल्ड टोकापासून काठापर्यंत टर्रकन फाटली. दुसरी शिल्ड होती, पण ती आदल्याच आठवड्यात उकळायला ठेवून मी मॅच बघत बसलो होतो. भांडंही गेलं.

नेमकी तेव्हाच पोरगी उठली. कामिनी बाहेर आली, शिल्डकडे बघितलं, पंचाकडे बघितलं, आणि पोरीला उचलून घेतलं. सासूबाई बाळाला म्हणाल्या, "तुना बापनी काय करी ठेवं, देख वं माय."

मी स्कूटर काढली. पहिल्याच मेडिकलवर ही गर्दी.

"शिल्ड द्या," मी हळू आवाजात म्हणालो.

"कोरोना गेला ना, भाऊ."

"तोंडाची नाही. दूध पाजायची."

त्याने दुधाच्या बाटलीचं निपल पुढे केलं. "बाळाला ना?"

"बाळाच्या आईला."

"आई बाटलीने पिते?"

मागे आमच्या गल्लीतले अभिमन नाना उभे. शब्द तर तोंडातून निघेना, म्हणून मी छातीकडे हात नेऊन खुणा केल्या. दुकानदाराने धावत येऊन मला खुर्ची दिली, नाना माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले, आणि कुणीतरी रिक्षा बोलावली. मला काहीही झालेलं नाही, हे पटवण्यातच खूप वेळ गेला. शिल्ड मिळाली ती पार स्टेशनजवळच्या दुकानात.

घरी आलो तर आवाज नाही. खोलीचं दार नुसतं लोटलेलं. फटीतून बघतो तर लेक अंगावर पीत होती. मध्ये शिल्ड नाही, काही नाही, आणि चांगली गटागट. कामिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. भरून आल्यावर माणसाने गप्प राहावं. मी दार उघडून विचारलं, "आलं का?"

पोरीने तोंड सोडलं आणि टाहो फोडला.

"अहो," कामिनी म्हणाली, "तुम्ही दारात उभे राहिलात ना, की माझं अंगच आखडतं. परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं. तुम्ही गेलात, आईने मला निवांत टेकून बसवलं, पोरीला नुसतं अंगावर निजवलं, तर ती आपली आपण शोधत आली."

"मग ही नवी शिल्ड?"

"शिल्डच्या आधी तुम्हालाच काढायला हवं होतं."

मी जिन्यात जाऊन बसलो. आतलं रडणं थांबलं. पुढच्या दिवसांत सगळ्यांच्याच लक्षात आलं, की मी जिन्यात असलो तर लेक जेमतेम पिते आणि दुकानात गेलो की पोटभर. तरी मला वाटायचं, योगायोग असेल.

मग मालकांनी विचारलं, धुळ्याला कृषी प्रदर्शनात आपला स्टॉल आहे, कोण जाईल? मी घरी येऊन नुसतं बोललो. म्हटलं, इतक्या लहान बाळाला सोडून जाणं बरं नाही, नाहीच म्हणतो. हातपाय धुऊन येतो तो माझी बॅग भरून दारात ठेवलेली. कामिनीने त्यात माझा स्वेटरसुद्धा कोंबला होता, मे महिन्यात.

मी चपला घालत होतो. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, बाळाला मध्ये न घेता, थेट माझ्याशी बोलल्या.

"जवाई, परत यायची घाई करू नका. धुळं मोठं गाव शे."