जादा मांडलेली पितळी

अण्णा कुत्र्यालाही अहो-जाहो करीत. "अहो, जरा सरकता का? शेपटी पायाखाली यायची तुमची." आणि कुत्रं खरोखर सरकायचं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

उत्रोलीच्या आमच्या निवासी अभ्यासवर्गाचे ते प्रमुख. दिवस संस्थानी अमलातले. महिनाभर एका रिकाम्या भातकोठारात राहायचं, शिकायचं आणि मग आपापल्या वाडीत मोठ्या माणसांना अक्षरओळख करून द्यायची, असा बेत. मी बगलेत पत्रकांचा गठ्ठा मारूनच गेलो होतो. समतेवर माझ्याइतकं वाचलेला माणूस भोर संस्थानात नाही, अशी माझी खात्री होती.

वर्गाला कोणी उशिरा आलं की अण्णा ओरडत, "माणूस आलंय, उठा!" मग आम्ही झाडून सगळे उभे. रागावणं नाही, शिक्षा नाही. दोनदा हा मान मिळाल्यावर मी कोंबड्याच्या आधी उठू लागलो.

दुसरा नियम कडक होता. ज्यानं दुसऱ्याचा अपमान केला, त्यानं त्याची उष्टी पितळी घासायची. प्रत्येकाच्या पितळीवर नाव कोरलेलं, त्यामुळे कोणाची कोणती हा घोळ नाही.

मोजणीत मात्र अण्णा कच्चे. जेवताना रोज एक पितळी जादा मांडायचे. तिच्यात कोणी जेवत नसे, तरी नंतर ती विहिरीवर नेऊन स्वतः घासायचे. "कुत्रेसाहेबांची असेल," आम्ही खिदळायचो.

एके सकाळी मी वर्गात माझं समतेचं पत्रक वाचत होतो. वेल्ह्याकडचे म्हाकू, चाळिशीतले मेंढपाळ, मधेच म्हणाले, "समदं ग्वाड हाय. पर आमच्या मेंढरांच्या चराईचं काय लिवलंय ह्यात?"

"अरे, तुला काय कळतंय? गप बस!" मी म्हणालो. हातात समता तशीच होती.

दुपारी म्हाकू दाराशी बसून जेवले. जेवण होताच त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. "आमी जातो, अण्णा. अक्षरं आमच्यासाठी न्हाईत." त्यांच्या वाडीतून आलेले ते एकटेच. ते गेले की वाडीच्या वाट्याची अक्षरंही गेली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताठ. "उष्टं घासायला लावणं हा जुलूम आहे. मी तत्त्व सोडणार नाही!"

"बरं," अण्णा म्हणाले आणि जादा पितळी उचलून विहिरीकडे गेले. वाद अर्धाच राहिला म्हणून मी मागोमाग.

ते उकिडवे बसून राखेनं पितळी घासत होते. वर कोरलेलं नाव झिजून पुसट झालं होतं. लक्ष्मण.

"पहिल्या वर्गाला होते," अण्णा खाली मान घालूनच म्हणाले. "तोरण्याच्या अंगाचे. मी चारचौघांत म्हणालो, ढोराला अक्षर येईल, तुला यायचं नाही. पितळी टाकून त्याच पावली गेले. दोनदा वाडीवर गेलो, दार उघडलं नाही. घासतोय तेव्हापासून."

मला पत्रकातलं एकही वाक्य आठवेना. मी परत पळालो. म्हाकू अजून वहाणा चढवत होते. मी त्यांची उष्टी पितळी उचलली, विहिरीवर आणली आणि अण्णांशेजारी बसून घासू लागलो. म्हाकू मागून आले, वाकून बघू लागले.

"आवो, काठ ऱ्हायला की," ते म्हणाले. "भांडी घासाय येत न्हाईत आन् समता आणाय निघालेत!"

मी काठ घासला. तोवर त्यांची नजर दुसऱ्या पितळीवर गेली होती. वर्गात शिकलेल्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं. "लक्... श्मण. ह्ये तोरण्याकडचं, वर्ग सोडून आल्यालं, त्येच का वो? आमची मेंढरं त्यांच्याच वाडीवरनं जात्यात." घोंगडी खांद्यावरून उतरवत ते सावकाश म्हणाले, "वर्ग उरकला की सांगावा नेऊ का, अण्णा?"

राखेचे हात तसेच धरून अण्णा म्हाकूंसमोर उठून उभे राहिले.