चौदाव्या मिनिटाचा माणूस

विलास ढमाले सुमनच्या दहाव्याला इंद्रायणीवर आला होता. गुरुजींचं काम लांबलं होतं आणि मी कावळ्याची वाट पाहत बसलो होतो. तेवढ्यात त्याच्या मनगटावरचं घड्याळ टुकटुकलं आणि तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, चालू आहे ना?"

बायकोच्या दहाव्याला बसलेल्या माणसाचं काय चालू असणार? पण प्रसंग बघून बोलावं, हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. दर चौदा मिनिटांनी तो समोर असेल त्याला हेच विचारतो. लिफ्टमध्ये विचारतो, सोसायटीच्या सभेत विचारतो, गळ्याशी वस्तरा असताना न्हाव्यालाही विचारतो. समोरचा "हो" म्हणाला की त्याचा जीव भांड्यात पडतो.

वराळ्यातल्या आमच्या इमारतीत तो समोरच्या दारात एकटा राहतो. वय पस्तिशीचं. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीसाठी घरबसल्या वेब अ‍ॅप्लिकेशन लिहितो. 'लिहितो' हे क्रियापद मी नाइलाजाने वापरतोय. लोणावळ्याच्या शाळेत उभा जन्म मराठी शिकवल्यावर या वयात ते इतकं स्वस्त झालेलं पाहावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

त्याच्या आयुष्याला एकच प्रश्न पडलेला आहे. एकदा आत आलेल्या माणसाला पुन्हा 'तू कोण?' असं विचारलं जाऊ नये. हे कसं साधायचं, ते त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की न समजताच पाठ झालंय. लॉगिन केलं की दोन टोकन, म्हणजे आत राहायचे परवाने, मिळतात, एक छोटं आणि एक मोठं. छोटं पंधरा मिनिटांत मरतं. ते मेलं की अ‍ॅपने गुपचूप मोठं दाखवून नवं छोटं आणायचं आणि अडलेलं काम पुढे न्यायचं. खरा शहाणा तर चौदाव्या मिनिटालाच आणतो. "माणसाला कळताच कामा नये, सर!" हे वाक्य तो लोक 'रामराम' म्हणतात तसं म्हणतो. मोठ्या टोकनलाही काही मुदत असते म्हणे. तो त्यावर आला की मी दार लावून घेतो.

या वेडाची सुरुवात लोहगडवाडीत झाली. तिथे त्याची एक मावशी गड चढणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. याने तिला ऑर्डर घ्यायला एक अ‍ॅप करून दिलं. मावशीचे हात पिठात, आणि अ‍ॅप दर पंधरा मिनिटांनी तिला बाहेर काढून पासवर्ड मागायचं. "सारखं नाव काय इचारतंय मला? मी काय पाव्हनी हाय का हितं?" मावशी कडाडली.

मग विलासने टोकन आपोआप आणायची सोय केली. पुढच्या रविवारी पाच टेबलांची कामं एकदम अडली. पाचही एकदमच मोठं टोकन घेऊन धावली. पहिल्याला नवी जोडी मिळाली आणि जुनं मोठं बाद झालं. बाकीची वापरलेलंच मोठं टोकन नाचवत उभी. सर्व्हरला वाटलं, टोकन चोरीला गेलं. त्याने मावशीलाच हाकललं.

"माज्याच हाटेलात मला चोर ठरवली व्हय रं?" एवढंच बोलून तिने तो मोबाईल पिठाच्या डब्यात टाकला.

तेव्हापासून विलासचा नियम आहे: एकाने जायचं, बाकीच्यांनी थांबायचं. अ‍ॅपपुरता ठेवला असता तर हरकत नव्हती. एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून आम्ही पाच जण वॉचमनकडे निघालो, तर याने चौघांना जिन्यात अडवलं. पहिला माणूस वर येईपर्यंत आम्ही चौघे रिकाम्या बादल्या घेऊन पायऱ्यांवर उभे. असल्या माणसाला सोसायटीने वाचनालयाचं अ‍ॅप करायला दिलं, यात नवल नाही. आमची सोसायटीही तशीच आहे.

ते वाचनालय सुमन चालवायची. टॅबवर प्रत्येक पुस्तकापुढे तिने फक्त तिला दिसतील असे शेरे लिहून ठेवलेत. ते ती कधीकधी मला वाचून दाखवायची आणि एकटीच हसायची. टॅब उघडला की वर दिसतं, 'नमस्कार, सुमन.' पासवर्ड ती बरोबर घेऊन गेली. मी आत जाऊन वाचत नाही, तेवढं धैर्य नाही. टॅब कपाटात आहे आणि त्यात ते नाव आहे, एवढ्यावर माझं भागतं. भीती एकच. एखाद्या दिवशी तो टॅबही विचारेल, 'तू कोण?'

म्हणून दर रविवारी विलास चार्जर घेऊन दारात उभा राहिला की माझ्या कपाळावर आठी चढायची. "टॅब बघू, सर. अपडेट आहे." मिनिटभर उघडायचा, ते नाव लांबून मलाही दिसायचं, मग चार्जिंगला लावून चहा पिऊन जायचा. दर आठवड्याला दुरुस्त करावा लागतो असला प्रोग्राम लिहायचाच कशाला? शोकात असलेल्या माणसाच्या कपाटापर्यंत यायला काही लाज? मनात म्हणायचो, उघड बोललो नाही. शिक्षकी भिडेचा आणखी एक तोटा.

पावसाळा संपता संपता त्याला डेंग्यू झाला. रविवारी दुपारी तळेगावच्या दवाखान्यातून त्याचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"सर, चालू आहे ना?"

"अरे, ताप आलाय ना? झोप मुकाट्याने."

"आज मला येता येत नाही. तुम्हीच टॅब उघडा. वायफाय चालू ठेवा. काकूंचं नाव दिसलं की बास."

"तुझं अपडेट राहू दे पुढच्या रविवारी."

"अपडेट नसतं हो, सर." तो धापा टाकत थांबला. "मोठं टोकन सात दिवसांचं असतं. त्याच्या आत कुणी टॅब उघडला तर नवं मिळतं, न्हाई तर मरतं. आज सातवा दिवस आहे."

मी कपाटापाशी उभा होतो. कधी गेलो, ते कळलं नाही.

"मग पासवर्डच बदलून द्यायचास की मला."

"दिला असता. दोन मिनिटांचं काम. पण मग आत तुम्ही गेला असता, सर. आत्ता अजून काकूच आत आहेत."

मी टॅब उघडला. एक बारीकसा गोल क्षणभर फिरला. मग नाव आलं.

"आलं का, सर?"

"आलं," म्हणालो.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा मी सकाळीच टॅब उघडून पाहिला आणि पुन्हा कपाटात ठेवला. दहाच्या सुमाराला विलास आला. गालफडं बसलेली, हातात चार्जर.

"टॅब बघू, सर. अपडेट आहे," तो नेहमीच्याच सुरात म्हणाला, जणू फोन झालाच नव्हता.

"बघ बाबा. मी हात लावलेला नाही."

मी चहा टाकला. दुसरा कप त्याने अर्धा केला तेव्हा घड्याळ टुकटुकलं. त्याने तोंड उघडायच्या आत मीच विचारलं, "विलास, चालू आहे ना?"