हाड कोणाचं?

आमचे शेजारी वसंतनाना मेथीच्या जुडीलाही मूळ-कूळ विचारायचे. "कुणाच्या मळ्यातली? मखमलाबादची की गंगापूरची? पाणी पाटाचं की विहिरीचं?" भाजीवाली वैतागून म्हणायची, "नाना, घ्यायची तर घ्या, नाय तर ठिवा!" ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं मी एकदा ऐकवलं. "नदीचं मूळ मी त्र्यंबकला डोंगर चढून बघून आलोय," म्हणाले. घ्या!

ओझरच्या विमान कारखान्यात उभा जन्म सुटे भाग तपासण्यात गेला. भाग कुठून आला हे कळल्याशिवाय नाना तो विमानाला लावू देत नसत. त्यांच्या पत्नी सुमनकाकू होत्या तोवर "पुरे हो तुमचं!" म्हणून गप्प करायच्या. त्या गेल्या आणि लगामच सुटला. त्यात माझं नशीब असं, की मी दातांचा डॉक्टर, आणि दोन हजार साल उलटतं न उलटतं तोच नानांची दाढ किडली.

"नाना, दाढ काढू. पण नुसती काढली तर तिथला जबडा खचतो, पुढे दात बसवायला हाडच उरत नाही. म्हणून खड्ड्यात हाडाची भुकटी भरू."

झालं! "कोणाचं हाड?"

"गुराचं असतं..."

"शिव शिव!"

"माणसाचंही मिळतं. दान केलेलं."

"नाव काय त्याचं? गाव कुठलं?"

"डबीवर गाव नसतं हो!"

"मग परका माणूस तोंडात घेऊन मी जेवू कसा?"

"कारखान्यात बनवलेलंही असतं."

"कुठल्या कारखान्यात?"

मी कपाळाला हात लावला. पुढे महिनाभर हा माणूस द्वारका चौकातल्या माझ्या दवाखान्यात रोज हजर! दाढ काढायला नव्हे, चौकशीला. बाकावरच्या पेशंटना विचारायचे, "तुम्हाला कोणाचं भरलं?" एक बाई तर उठून निघूनच गेल्या.

शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो, त्यात गुराचं काही उरत नाही! भट्टीत भाजतात, रक्त-मांस सगळं जळतं. राहते ती पांढरी भुकटी. तिला धरून आपलंच हाड वाढतं!"

"भाजलेलंच असतं?"

"हो!"

"आणि आपलं हाड तिला धरून वाढतं?"

"हो म्हटलं ना!"

नाना गुपचूप घरी गेले. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आले, दार लावून घेतलं आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत राखेने माखलेला हाडाचा एवढासा तुकडा.

"रामकुंडावर सगळ्या अस्थी सोडल्या रे. तू होतासच. एवढं मुठीतून सुटलं नाही." नाना माझ्याकडे बघत नव्हते. "हिचं मूळ-कूळ मला माहीत आहे. माहेर इगतपुरीचं. डॉक्टर, हिचं चालेल का?"

महिनाभर त्यांच्यावर खेकसणारा मी हळूच म्हणालो,

"नाही चालत, नाना."

त्यांनी मान हलवली. पुरचुंडी पुन्हा नीट बांधली, मुठीत धरली आणि खुर्चीत जाऊन बसले.

"भर मग तुझ्या डबीतलं," म्हणाले. "आता कोणाचं ते सांगू नकोस."