सहा बटणं आणि यंत्रसरांचा घसा

विशेष मुलांच्या त्या शाळेत चाकाची खुर्ची कुरकुरली की यंत्रसरांना हाक जायची. त्यामुळे बोलकी पेटी आली तेव्हा मोठ्या बाईंनी ती त्यांच्याच हाती दिली.

"सर, भरून झाली की एकदा ऐकून बघा हं."

"ऐकायचं काय त्यात? अठरा वर्षं हेच करतोय," सर म्हणाले. इथेच माशी शिंकली.

पेटीला सहा बटणं. प्रत्येकात एक वाक्य भरून ठेवायचं, बटण दाबलं की पेटी ते बोलणार. पेटी होती चिमणीसाठी. चिमणी नऊ वर्षांची. जीभ साथ देत नाही, हातपाय ऐकत नाहीत, पण उजवी मूठ नेमकी पडते, आणि डोकं असं तल्लख की शिक्षकांनीच जपून बोलावं. मंगळवारी शेजारच्या शाळेचे हेडमास्तर तिची परीक्षा घेणार होते. स्वतःची उत्तरं स्वतः दिली तर चौथीत प्रवेश, नाहीतर नाही. तिच्या आईच्या घशाखाली आठ दिवस घास उतरत नव्हता.

सरांनी शिक्षकांच्या खोलीत बसून वाक्यं भरली. बाजूची कळ एकदा दाबली की भरणं सुरू, पुन्हा दाबली की बंद. सुरुवातीलाच सरांचा एक दाब जास्त पडला आणि सगळंच उलटं झालं. वाक्य बोलताना पेटी बंद, मधल्या गप्पांना सुरू. सरांना पत्ताच नाही.

मंगळवारी हेडमास्तरांनी प्रेमाने विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

चिमणीने पहिलं बटण दाबलं. पेटीतून सरांचा भसाडा आवाज आला, "चहा आणा हो कुणीतरी, घसा कोरडा पडलाय."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. आईने पदर तोंडाला लावला. चिमणी मात्र एकेक बटण दाबून शांतपणे ऐकू लागली.

"बसून बसून कंटाळा आला बुवा."

"हसा, हसा. काम माझं, तुमचं काय जातंय?"

"आधी ही खुर्ची धड जागी ठेवा, मग बोलू."

"मला शिकवू नका, मला सगळं येतं."

सहावं वाक्य सरांनी शाळेच्या वायरमनबद्दल म्हटलं होतं. "याला यंत्रातलं काही कळत नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"हे काय चाललंय?" हेडमास्तर म्हणाले. चिमणीने मान हलवली, म्हणजे विचारा पुढे.

"बरं. ही शाळा सोडून आमच्याकडे का यायचंय?"

दुसरं बटण. "बसून बसून कंटाळा आला बुवा."

हेडमास्तर सावरून बसले. "आणि वर्गातली मुलं हसली तर?"

तिसरं. "हसा, हसा. काम माझं, तुमचं काय जातंय?"

"पण आमची चौथी वरच्या मजल्यावर आहे."

चौथं. "आधी ही खुर्ची धड जागी ठेवा, मग बोलू."

हेडमास्तरांनी तिच्या चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चौथीचा वर्ग खाली आणतो. पोरगी घेतली. अजून काही हवंय का, बाळ?"

पहिलं बटण. चहा आला. आई रडत रडत हसत होती, आणि मोठ्या बाईंना तर चिमणीला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं होतं.

आता सरांना धीर आला. ते पुढे झाले आणि म्हणाले, "चिमणे, चुकलंच माझं. आण ती पेटी, आजच्या आज मीच पुन्हा नीट भरून देतो."

चिमणीने सरांकडे पाहिलं, मूठ उचलली आणि सहावं बटण दाबलं.