बोटाला विचारा

आमच्या शेजारचे देवरेभाऊ गाडीचा बंपर डोळे मिटून बघायचे.

रोज सकाळी आंघोळ झाली की बनियनवरच बाहेर यायचे, गाडीपुढे उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची बोटं बंपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. मग उलट. मी तेव्हा धुणं वाळत घालत असायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माणूस गाडीचा ताप बघतोय. मधेच बोट अडलं की डोळे न उघडताच म्हणायचे, "लागलंय." संध्याकाळी ऑफिसातून आले की त्या जागेवर काम सुरू.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची कॉलनी नवीन होती. समोर द्राक्षाचा मळा, मागे फ्लॉवरचं शेत, आणि सगळ्या कॉलनीत गाडी एकच, देवरेभाऊंची. तीही तिसऱ्या हातातली. रंग पिस्त्याचा. बंपर मूळचा चकचकीत असणार, पण त्याचा मुलामा उडून गंज आला होता. भाऊंनी तो घासून गाडीच्याच रंगाने रंगवून घेतला होता, आणि तिथून हा उद्योग सुरू झाला.

भाऊ मूळचे कळवणकडचे, वीज खात्यात क्लार्क. अंगाने आडवे, आवाज भारी, पण बंपरजवळ बोलताना तो आवाज उतरायचा. ओरखडा दिसला की आधी साबणाच्या पाण्याने धुणं, मग गंज असेल तर खरवडणं, बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासणं, खड्डा असेल तर लांबीची पुट्टी भरणं, ती वाळली की पुन्हा घासणं, मग अस्तराचा लाल रंग, मग वरचा रंग, पातळ पातळ हात देत. शेवटी मेण. सुपारीएवढ्या ओरखड्याला चार संध्याकाळी लागायच्या. आमचे हे म्हणायचे, "एवढ्यात माझं घर रंगवून झालं असतं." घर काही त्यांनी कधी रंगवलं नाही.

गंमत अशी की रंग कधीच जुळायचा नाही. भाऊ मेन रोडवरून मिळेल तो हिरवा आणायचे. बंपरवर एका ठिकाणी कोथिंबीर, एका ठिकाणी काकडी, डावीकडे मेथी. लांबून बघितलं तर भाजीबाजार. मी एकदा स्पष्ट म्हटलं, "भाऊ, हे ठिगळासारखं दिसतं हो."

"दिसू द्या ना, ताई. दिसण्याचं काय," भाऊ म्हणाले, आणि माझा हात नाही, पण माझ्या हातातला कपड्यांचा चिमटा घेऊन त्या मेथीवरून फिरवला. "अडला का कुठं? बोटाला विचारा. डोळ्याला लय कळतं असं त्याला उगाच वाटतं."

बोटाला विचारा, हे त्यांचं कायमचं. वांगी घेताना, इस्त्रीचे कपडे घेताना, आमच्या ह्यांची दाढी बघतानासुद्धा.

ओरखडा पडूच नये म्हणूनही बंदोबस्त होता. कुंपणाच्या भिंतीला आतून गोणपाट लावलेलं. गाडी लावायची जागा चुन्याच्या रेघेने आखलेली, आणि चाकं त्या रेघेला टेकेपर्यंत पुढे-मागे, पुढे-मागे चालायचं. गाडीचं तोंड घराच्या पायऱ्यांकडे, इंचभरही हललेलं चालायचं नाही. ह्यांनी एकदा सल्ला दिला, की सायकलची जुनी ट्यूब कापून बंपरवर बांधा, कटकट संपेल. भाऊंनी मान हलवली. "नाय, साहेब. हाताला चिकटते."

"पण बंपरला हात लावतो कोण?" हे म्हणाले.

भाऊंनी फडकं पाण्यात बुडवून पिळायला घेतलं.

गाडी बाहेर पडायची ती फक्त रविवारी, नवराबायकोला गंगापूरच्या धरणाकडे फिरवून आणायला. लांबच्या रस्त्याला खडी उडते म्हणून घोटीला मेहुणीकडे जायचं तर भाऊ बायकोला एसटीने घेऊन जात. दारात गाडी, आणि वहिनी एसटीत खिडकीशी. मला वहिनींची कीव यायची. तशा त्या बारीक, ताठ, कमी बोलणाऱ्या. कॉलनीत त्यांना शिष्ट म्हणत. रस्त्यात समोरून आल्या तरी ओळख दाखवायच्या नाहीत. आपण हाक मारली की मात्र हसून बोलायच्या. घोटीचा तांदूळ अंगणात निवडत बसायच्या तेव्हाही नजर ताटात नाही, कुठे तरी फ्लॉवरच्या शेतात. तरी खडा कधी चुकला नाही. मी मनात म्हणायची, काय हा मिजासखोरपणा, तांदळाकडेसुद्धा बघत नाही ही बाई.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊ वहिनींना घोटीला सोडायला गेले आणि मेहुणीच्या आग्रहाने रात्री तिथेच राहिले. इकडे दसऱ्याला सकाळी कॉलनीतल्या सगळ्या सायकली आणि दोन स्कूटरी धुऊन पुसून हार घालून उभ्या. आमच्या ह्यांना गाडी दिसली. कॉलनीतली एकुलती एक गाडी, आणि दसऱ्याला ओकीबोकी. ह्यांचा जीव कळवळला. मळ्यातून आणलेल्या झेंडूचा हाताएवढा जाड हार, तो तारेने बंपरला आवळला. हळदकुंकू झालं. नारळ फोडायला दगड सापडेना, म्हणून तो बंपरवरच फोडला.

मी देवळातून आले तेव्हा हे प्रसाद वाटत होते.

दुपारी भाऊ आले. हार बघून आधी हसले. मग तो सोडवला, उकिडवे बसले आणि डोळे मिटले. तारेचा ओरखडा लांब होता. नारळाच्या जागी रंगाची खपली उडून आतला पत्रा उघडा पडला होता, कडेला धार. भाऊंचं बोट तिथे थांबलं ते थांबलंच.

"लागलंय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की ह्यांनी हातातलं खोबरं खाली ठेवलं.

"अहो भाऊ, दसऱ्याचं शुभ असतं," हे म्हणाले.

"रविवारी ही येणार. तोवर झालं पाहिजे."

मी म्हटलं, "वहिनींना एवढे घाबरता?"

"हो," भाऊ म्हणाले आणि पॉलिशपेपर आणायला आत गेले.

भाऊंनी रजा टाकली. मी ह्यांनाही मोकळं सोडलं नाही. सकाळ-संध्याकाळ शेजारी जाऊन घासायचं, असं सांगितलं. हे घासायचे, भाऊ डोळे मिटून तपासायचे. "अजून अडतंय, साहेब."

"कुठं अडतंय? आरशासारखं झालंय."

"आरसा डोळ्याचा. बोटाला विचारा."

शुक्रवारी लांबी भरली. ती नीट वाळेना. शनिवारी रंगाचा पहिला हात दिला तर मळ्यातली चिलटं येऊन चिकटली. भाऊंनी ते सगळं परत घासून काढलं, घरातली मच्छरदाणी आणली आणि गाडीच्या नाकावर टांगली. येणारेजाणारे विचारायचे, गाडीला मलेरिया झाला का. भाऊ मच्छरदाणीत बसून रंगाचे हात देत होते. ह्यांच्या बोटांची सालं निघाली होती. वरणभात चमच्याने खाल्ला. रविवारी सकाळी मेण लावून झालं. भाऊंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. पुन्हा उलट. बोटं कुठेच थांबली नाहीत. "पाण्यासारखं झालंय," म्हणाले आणि अंगावरचा रंग तसाच घेऊन घोटीची एसटी पकडायला गेले.

दिवे लागायच्या वेळी टांगा आला तेव्हा मी त्यांच्या अंगणात मच्छरदाणीची घडी घालत होते. भाऊ टांग्यातून तांदळाचं पोतं उतरवून घेत होते. वहिनी फाटक उघडून एकट्याच आत आल्या आणि माझ्याजवळून, हातभर अंतरावरून, न बोलता पुढे गेल्या. मला रागच आला. मग त्यांचा हात दिसला.

हात गाडीवर होता. मागच्या दिव्यापासून निघाला, दारांवरून, मडगार्डवरून, वळून बंपरवर आला. चाल सरळ, मान ताठ, नजर फ्लॉवरच्या शेतात. बोटं बंपरवरून सरकत पार टोकाला गेली आणि तिथे बंपरच संपला. बोटं मागे आली. पुन्हा टोकाला गेली. वहिनी उभ्या राहिल्या. एका पायाने त्या जमिनीवर काही तरी चाचपत होत्या. पायरी त्यांच्यापासून वीतभर होती.

"अहो," त्यांनी हाक मारली. "गुठळी कुठं गेली?"

भाऊ पोतं घेऊन फाटकात थबकले. "कसली गुठळी?"

"माझी. बंपरवरची. तिथं वळलं की पायरी येते."

"ती टोकाची होय? बोथट म्हणून आजवर सोडली होती, या खेपेला घासण्यात गेली. तुझ्या बोटाला लागेल म्हणून मी काढत होतो सगळं," भाऊ म्हणाले. "मागे गंज घुसला होता ना बोटात."

"सगळं काढायचं असतं का कधी?"

मला तेव्हा सगळं कळलं. तांदूळ, रस्त्यातली ओळख, चुन्याची रेघ, एसटी. एसटीत त्यांच्या शेजारी बसता येतं, हात धरता येतो; गाडी चालवताना नाही. पण अंगणात उभी राहून गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हटलं, "वहिनी, मी कुसुम. इथंच आहे."

त्यांची मान माझ्या दिशेने वळली, जरा जास्तच वळली. "म्हणजे कळलं तुम्हाला."

"एवढंच कळलं की नारळ आमच्या ह्यांनी फोडला."

वहिनी हसल्या. "बंपरवर?"

"दगड मिळाला नाही म्हणे."

हात पुढे करावा असं मला वाटलं, पण त्या ताठ पाठीकडे बघून नाही केला. "पायरी उजव्या पायाशी आहे," एवढं म्हटलं. त्या चढून गेल्या. भाऊ पोतं खांद्यावर घेऊन तसेच उभे होते. मी मच्छरदाणी त्यांच्या दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि घरी आले. कॉलनीत कुणाला काही सांगितलं नाही. फक्त त्यानंतर रस्त्यात वहिनी दिसल्या की आधी मीच नाव सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले. भाऊ नेहमीसारखे बंपरपुढे उकिडवे, डोळे मिटलेले. शेजारी वहिनी वाकलेल्या. भाऊंच्या बोटावर लांबीचा एवढासा गोळा होता.

"इथं?"

"अलीकडं."

"इथं?"

"हां. जरा मोठी करा, हिवाळ्यात बोटं बधिर होतात."

आमचे हे चहाचा कप घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले. वाकून बघितलं आणि ओरडले, "भाऊ, आता काय झालं? बंपरला टेंगूळ आलं की काय?"

"आलं नाय, साहेब," भाऊ डोळे न उघडता म्हणाले. "आणलंय."